ट्रेमधलं घड्याळ

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाही तर पुढे सरका. मी कुणाच्या विनवण्या करणार नाही.

आणि रात्र, वारा, कुत्र्यांचं रडणं असलं काही इथे शोधू नका. हे भर दुपारी घडलं. सुट्टीच्या दिवशी. विद्यापीठाच्या तळमजल्यावर, ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफटक उजेडात.

घडलं माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. मी तिला ताई म्हणतो. तिथले सगळेही ताईच म्हणतात.

ताईच्या ताब्यात एनएमआर मशीन आहे. माणसापेक्षा उंच स्टीलची टाकी, आत भयंकर ताकदीचा लोहचुंबक. काचेच्या बारीक नळीत रसायन घालून आत सोडायचं, की त्यात नेमकं काय आहे ते मशीन सांगतं. सगळ्या विभागांत मिळून मशीन एकच. त्यामुळे रोज भांडणं. माझा नंबर आधी, तुझा नंतर. एवढे शिकलेले लोक, पण पाण्याच्या नळावर याहून बरी भांडणं होतात.

हा चुंबक कधीच बंद नसतो. म्हणून दाराबाहेर एक प्लास्टिकचा ट्रे ठेवलाय. घड्याळ, किल्ल्या, फोन त्यात काढून ठेवायचं आणि मगच आत जायचं. नाही तर घड्याळाचं वाटोळं झालंच म्हणून समजा.

त्यातून तिथे एक रीत पडली.

ट्रेमध्ये घड्याळ, म्हणजे आत माणूस. तो बाहेर येईपर्यंत दाराला कुलूप लावायचं नाही.

ताई नवी लागली तेव्हा तिथले प्रमुख, म्हणजे सर, तिला म्हणाले होते, "तुमच्या आधी या मशीनवर मास्तर होते. ते गेले, म्हणून ही जागा निघाली."

ताईला वाटलं, निवृत्त होऊन गेले असतील.

गेले... काय सोयीचा शब्द आहे बघा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. चुंबक गार राहावा म्हणून त्यात बर्फाहून कितीतरी गार असा द्रव नायट्रोजन भरत राहावा लागतो, सुट्टी असो नसो. हा नायट्रोजन गळला तर त्याचा गॅस होतो आणि खोलीतली हवा हटवून स्वतः पसरतो. वास नाही. रंग नाही. ठसकासुद्धा लागत नाही. माणूस गुडघ्यात वाकतो आणि संपतो.

त्यासाठी भिंतीवर अलार्म असतो. ऑक्सिजन कमी झाला की बोंबलतो.

सरांनी त्याची वायर काढून ठेवली होती.

"पाहुणे आले की नेमका कोकलतो," सर म्हणाले. "लोकांना वाटतं, इथे काहीतरी गडबड आहे."

"सर, पण आत मी एकटी असते."

"तुमचं कंत्राट संपत आलंय ना, ताई?" सर हसत म्हणाले.

ताईच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले. तिने तोंड मिटलं. तुम्ही आम्ही काय वेगळं केलं असतं?

त्या दुपारी ती नायट्रोजन भरायला आली. अख्ख्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने हातातलं घड्याळ काढलं, ट्रेकडे हात नेला...

ट्रेमध्ये आधीच एक घड्याळ होतं.

जुनं. चामड्याचा पट्टा घामाने काळा पडलेला. काच तडकलेली.

"कोण आहे आत?"

"येतो..."

पुरुषाचा आवाज. दमलेला. कुणाचा तरी वेळ खाल्ल्यासारखा ओशाळलेला.

ताई वैतागली. आला असेल कुणी फुकट्या, सुट्टीचा मोका साधून. "लवकर आटपा! मला नायट्रोजन भरायचाय!"

आतून आवाज आला... फस्स्. हवेच्या जोरावर नळी वर येते, तेव्हाचा.

मग... टक्. नळी परत खाली बसली.

फस्स्... टक्.

फस्स्... टक्.

असं कुणी करत नाही. नळी घातली की मशीनला वेळ द्यावा लागतो. ताईने दाराच्या काचेला नाक लावलं.

आत कुणीच नव्हतं.

खुर्ची मात्र मागे सरकलेली होती. आत्ताच कुणी उठल्यासारखी.

असेल टाकीमागे, तिने मनाची समजूत घातली. आपलंही घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं आणि सरांना फोन लावला.

"सर, आत कुणाला पाठवलंय?"

"कुणाला नाही बुवा. भरा आणि घरी जा की."

"ट्रेमध्ये घड्याळ आहे."

"कसलं घड्याळ?"

"चामड्याचा पट्टा. काच तडकलीय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज...

"सर?"

"ताई, आत जाऊ नका. दाराला हात लावू नका. मी आलोच."

सर आले ते धापा टाकत. हातात ऑक्सिजन मोजायचा छोटा मीटर. दार जरासं किलकिलं करून त्यांनी तो फटीतून आत धरला.

मीटर किंचाळला.

नायट्रोजनच्या पाइपाचा जोड सुटला होता. खोली गॅसने भरली होती. ताई तशीच आत गेली असती, तर सुट्टी संपल्यावर तिला उचलून बाहेर काढावं लागलं असतं.

पंखे लावले. हवा मोकळी झाल्यावर दोघं आत गेले. आत कुणीही नव्हतं. दुसरं दारही नव्हतं.

बाहेर येऊन पाहिलं, तर ट्रेमध्ये फक्त ताईचं घड्याळ.

सर तडक आपल्या खोलीत गेले. ताई पाठोपाठ. त्यांनी टेबलाचा कुलूपबंद खण उघडला.

खणात तेच घड्याळ.

काचेवर बर्फ जमला होता. त्या उकाड्यात, लाकडी खणात... बर्फ. ताईने बोट लावलं तर भाजल्यासारखं झालं.

"हे तुमच्याकडे कसं?"

"मला वाटलं, कुणीतरी विसरून गेलंय. म्हणून उचलून ठेवलं. आणि... दाराला कुलूप लावलं."

"मास्तर आत होते?"

सरांनी मान डोलावली.

"तेव्हा अलार्म चालू होता?"

सरांनी खण लोटला आणि कुलूप लावलं.

मास्तर गेले, ते असे गेले, कुलूपबंद खोलीत, गॅसमध्ये. सुट्टी लागून आली होती, म्हणून कुणी पाहिलंसुद्धा नाही. आत माणूस आहे हे सांगणारं घड्याळ सरांच्या खणात!

"वायर जोडा," ताई म्हणाली. "तोवर मी आत पाऊल टाकणार नाही. कंत्राट खुशाल फाडा."

"उद्या बघतो," सर म्हणाले. वायर जोडायला माणूस बोलवायचा, तर ती काढली कुणी हे आधी सांगावं लागणार. मग त्यांचं ते उद्या काही उजाडेना.

हे झालं त्या दिवसाचं. आता कालचं ऐका.

आज पाहुणे येणार होते. सर स्वतः त्यांना आत नेऊन मशीन दाखवणार होते. काल ताई निघताना सहज ट्रेकडे पाहते तर...

दोन घड्याळं.

एक चामड्याच्या पट्ट्याचं. शेजारी सोनेरी पट्ट्याचं. सरांचं.

तिने दारातून हाक मारली नाही. धीरच झाला नाही. फोन लावला.

"सर, तुम्ही आत आहात?"

"घरी आहे. चहा पितोय. काय झालं?"

"तुमचं घड्याळ ट्रेमध्ये आहे. मास्तरांच्या घड्याळाशेजारी."

"वेड लागलंय का तुम्हाला? माझं घड्याळ माझ्या हा..."

सर थांबले.

"तुमच्याजवळ कोण आहे, सर?"

"कुणी नाही. एकटाच आहे मी."

पण ताईने ऐकलं होतं. फोनमध्ये, सरांच्या मागून, दमलेला, ओशाळलेला आवाज...

"येतो..."

फोन कट झाला. पुन्हा लावला, लागला नाही.

आपण निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मग तो निघत होता... की येत होता? ताई रात्रभर हेच घोळवत बसली.

आज सकाळी ती पोचली, तर भिंतीवरच्या अलार्मचा हिरवा दिवा लागलेला. वायर जोडलेली, वर नवी कोरी पट्टी गुंडाळलेली. वायरमन शपथेवर सांगतो, मी हात लावला नाही.

ट्रे रिकामा होता.

ऑफिसात कारकून मान खाली घालून बसला होता.

"सर आले नाहीत अजून?"

कारकुनाने वर पाहिलं नाही.

"सर गेले," म्हणाला.

ताईने हे आत्ता मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, "गेले म्हणजे कुठे गेले?"

ती म्हणाली, "मी विचारलं नाही रे."

मीही पुन्हा विचारलं नाही. "ठेव फोन," म्हटलं.

एरवी फोन ठेवतानाही मी तिला 'येतो' म्हणतो; आज ते म्हणणं मात्र माझ्याच्याने झालं नाही.