गार्थवेटचं घर

नैना, डेकवरचा लाइट बंद कर गं. हां. हे कुठे वाचलेलं नाही. मृणालिनी माझ्या ओळखीची, पुण्याची. इथे अमेरिकेत, राले शहरात आर्किटेक्ट होती. तिनेच सांगितलं मला, मान खाली घालून.

२००७ची कोजागरी, मंडळाने सोयीने शनिवारी रात्री ठेवलेली. मराठी मंडळाच्या त्या कार्यक्रमाला शेजारच्या कॅरी गावी येताना ती वाटेत एका रिकाम्या घरी थांबली. ऑफिसचा कॅमेरा तिथे राहिला होता.

घर एडमंड गार्थवेटचं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा आर्किटेक्ट, पहिल्या महायुद्धाआधी इकडे आला. आसपासच्या गावांत शाळा, कोर्टं, चर्च बांधली. वीट न् वीट वाजवून घ्यायचा म्हणे. पुढे मंदीत कामं गेली, लोक त्याला विसरले. पण त्याची भिंत कधी तडकली नाही. हे घर त्याने शेवटी स्वतःसाठी बांधलं. तिथेच वारला.

आता बिल्डरला ती जागा हवी होती. मृणालिनीने घर तपासलं. ठणठणीत होतं. बॉस म्हणाला, "अनसेफ लिही." तिचं ग्रीन कार्ड त्याच्या हातात. तिने लिहिलं, भिंती कमकुवत, पाया खचलेला. खाली सही केली.

"काका, म्हणजे शी लाइड?"

हो बेटा.

कॅमेरा जिन्यावरच होता. तो उचलून ती वळली, तर हॉलमध्ये एक म्हातारा. अंगात जाड कोट. हाताने भिंत चाचपत होता. तिला वाटलं, शेजारचा कोणी असेल.

"सर, इथे थांबू नका."

तो वळला नाही. "घर तुम्हीच तपासलंत ना?"

"हो..."

"माझं कुठे चुकलं?"

त्याचा हात भिंतीवरून फिरतच होता.

"सगळं पुन्हा पाहिलं मी. सापडत नाही. दाखवता का? माझ्या शाळांमधून मुलं बसायची हो..."

आवाजात राग नव्हता. शरम होती. खोटं हिने लिहिलेलं, आणि मान त्याने खाली घातलेली.

तुमचं काही चुकलं नाही. एवढंच तिने म्हणायचं होतं.

तेवढंही ती म्हणाली नाही...

तो भिंत चाचपत कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे दार नव्हतं.

मग तोही नव्हता.

सोमवारी तिने रिपोर्ट मागे घ्यायला सांगितलं. बॉस म्हणाला, "टू लेट." तिने नोकरी सोडली. घर पाडलंच. पुण्याला परत जायच्या आधी, निदान ते एक वाक्य म्हणावं म्हणून ती पहाटे तिथे गेली. विटासुद्धा उचलून नेल्या होत्या. सपाट केलेली लाल माती, भोवती जाळीचं कुंपण. रात्रभर पाऊस झालेला.

ओल्या मातीत बुटांचे ठसे होते. जिथे जिथे भिंती होत्या, अगदी तिथून तिथून. प्रत्येक कोपऱ्याशी थांबलेले. पुन्हा मागे वळलेले.

कुंपणापासून आत येणारा ठसा... एकही नव्हता. बाहेर जाणाराही.