उजव्या सोंडेचा गणपती

बुधाजी गुरव आला तो साक्षीच्या पायरीवरच बसला.

"ताई, देवाची मूर्ती मी विकली म्हनतात. सरपंचानं देवळाची चावी काढून घेतली. आज गावकी बसनार, मला कायमचा काढनार."

साक्षी पाठारेची गुप्तहेरगिरी मुरुडभर ठाऊक होती. तिचा थोरला भाऊ सदा, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, तिला गाडी आणि शंका दोन्ही पुरवायचा.

बुधाजीच्या वाडीतल्या देवळात सरपंच दिनानाथने एका इंग्रज साहेबाचं दीडशे वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन उघडलं. चित्रात हेच देऊळ, हाच गणपती. पण सोंड उजवीकडे. गाभाऱ्यातल्या मूर्तीची मात्र डावीकडे.

"खरी मूर्ती गेली, ही नक्कल! साहेबाचं पुस्तक खोटं बोलेल?"

सदा चित्र निरखत होता. गणपतीशेजारी भटजी उभे. डाव्या हातात निरांजन, जानवं उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीकडे गेलेलं.

"डावखुरे दिसतात भटजी."

"दिसतात खरे," साक्षी हळूच म्हणाली.

बुधाजीची चुलती मनुबाई फुलं निवडत होती. "मी नवरी होऊन आले तवापासून डावीच सोंड हाय!"

"मग ह्याच्या आज्यानं विकली असेल," दिनानाथ फटकन म्हणाला. "घर तेच!"

सदाला ते पटलंही.

गावकी जमली. साक्षीनं विचारलं, "सरपंच, जानवं उजव्या खांद्यावर कधी घेतात?"

"श्राद्धाला. पितरांना पाणी देताना."

"देवाच्या आरतीला?"

"छे, भलतंच!" दिनानाथ म्हणाला. पुन्हा त्यानं चित्राकडे पाहिलं.

"दादा म्हणाला, डावखुरे. पण डावखुराही आरतीला जानवं डाव्याच खांद्यावर ठेवतो. म्हणजे भटजी नाही, अख्खं चित्र उलटं आहे. चित्रकारानं बरोबर काढलं होतं. कोरणाऱ्यानं ते छापायच्या ठशावर जसंच्या तसं कोरलं. ठसा कागदावर दाबला, की डावं ते उजवं. शिक्क्यावरची अक्षरं म्हणूनच उलटी कोरतात."

तिनं पूजेतला आरसा चित्रापुढे धरला. सगळे वाकले. आरशात सोंड डावीकडे होती, निरांजन उजव्या हातात, जानवंही आपल्या जागी.

"आणि मी सोवळ्याचा एवढा कडक, तरी जानवं दिसलं नाही!" दिनानाथनं कपाळावर हात मारला. त्यानं चावी काढून बुधाजीपुढे धरली. "माझं चुकलं रे. काय म्हणायचं ते म्हण."

बुधाजीनं चावी डोळ्यांना लावली.

"मागनं म्हनतो. सकाळपासनं देव उपाशी हाय."

"थांब," दिनानाथ चपला शोधत म्हणाला, "गूळखोबरं मी आणतो."