‘एलिझा मार्श’वरचा येसबा

“मल्हारी, मेंढरं आडवी घाल! टेम्पो चाललाय!”

रुद्राणी सायकलवरून ओरडली. मल्हारीनं दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली आणि साठ मेंढरं रस्ताभर पसरली. भंगारवाल्याचा टेम्पो करकचून थांबला.

“ए पोरा, हाक की ती!”

“ऐकायलीच न्हाईत ओ काका! लय हट्टी हायत!” मल्हारी साळसूदपणे म्हणाला.

“आमची पेटी चुकून आली तुमच्याकडं. तेवढी द्या, मग ऐकतील!” रुद्राणी म्हणाली.

“न्या बाई! पण रस्ता सोडा!”

त्या सकाळी रुद्राणीच्या महांतेशकाकानं सेलूतलं घरचं कापसाचं जुनं गोदाम रिकामं करायला काढलं होतं. पत्र्याच्या एका पेटीत रुद्राणीला एक कागद दिसला. त्यावर तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज छापलेलं! सेलूपासून समुद्र किती लांब, मग इथं जहाज कशाला? पण काका म्हणाला, “रद्दी हाय ती,” आणि पेटी गेली टेम्पोत.

आता ती पेटी मन्मथअप्पांसमोर होती आणि दोघं पोरं वाकून बघत होती. रुद्राणीच्या या आजोबांना मोडी वाचता येई. जहाजाच्या कागदाला मुंबईच्या आडत्याचं पत्र जोडलेलं होतं, अठराशे एकोणसत्तरचं. अप्पा अडखळत वाचू लागले.

सेलूच्या कापसाच्या गाठी घेऊन ‘एलिझा मार्श’ विलायतेला निघालं होतं. आफ्रिकेच्या टोकाशी वादळात त्याचा तळ फुटला. कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला आलेला येसबा धनगर त्यावर खलाशी म्हणून चढला होता. होड्या सुटेपर्यंत तो खाली पंपानं पाणी उपसत राहिला. एकोणीस माणसं वाचली. येसबा जहाजाबरोबर बुडाला. त्याच्या घरी कळवावे, असं शेवटी लिहिलं होतं.

मल्हारीचं हसू मावळलं. “येसबा आमचा हाय,” तो हळूच म्हणाला. “बायकोला टाकून पळाला म्हणत्यात त्याला. अजून आमाला पळपुट्याचे म्हणत्यात.”

पत्राच्या खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती. अप्पांनी ती वाचली. “‘हंगाम सरल्यावर कळवू.’ हे माझ्या पणजोबांचं अक्षर हाय.”

कुणीच कधी कळवलं नव्हतं!

“दीडशे वर्षं झाली,” महांतेशकाका पुटपुटला. “आता कशाला उकरायचं? आपलंच नाव जाईल.”

“त्यांचं नाव गेलंच की, काका! आपल्यामुळं!” रुद्राणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पांनी टोपी चढवली. “चल पोरी.”

मल्हारीची आजी सुगंधाबाई दारात बसली होती. अप्पांनी सगळं सांगितलं आणि वयानं लहान असलेल्या तिच्यापुढं हात जोडले. “आमच्या घरानं तुमचा माणूस लपवला, बाई. वाडवडलांनी जे केलं न्हाई, ते ह्या दोन लेकरांनी केलं. शाबास त्यांची!”

मागोमाग आलेला महांतेशकाका मान खाली घालून उभा होता.

सुगंधाबाई म्हणाली, “माझ्या सासऱ्याचा आजा त्यो. त्याच्या बायकोनं मरस्तोवर कुंकू लावलं. लोक हसायचे. ती रोज वाटंकडं बघायची, म्हणं. एक कागद आला असता, तर रडली तरी असती.”

तिनं मल्हारीला जवळ ओढलं. “पितरात कधी त्याचं पान वाढलं न्हाई आमी. मेला का जिता, कुणाला ठावं? औंदा वाढायचं.”

मग ती रुद्राणीकडं वळली. “लेकी, तू शिकलेली. तिथलं पाणी लय थंड असंल का गं?”

रुद्राणीला खोटं बोलता आलं नाही. ती तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

“हो आजी,” ती म्हणाली. “लय थंड.”