मेणाचं अस्तर

या, जरा पुढे सरकून बसा. जन्माआधी आपण सगळेच ज्या घरात राहून आलो, त्या घराची गोष्ट आहे.

दोघी बहिणी एकत्र राहायच्या. थोरली वैद्यकीय महाविद्यालयासाठी मेणाचे अवयव घडवायची. या खेपेला गर्भाशय होतं: पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं, मिटलं की मुठीएवढं. आत बघाल तर ऐसपैस खोली नाहीच. दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या, मधे उलट्या त्रिकोणाची फट. वरच्या दोन कोपऱ्यांत गर्भनलिकांची बारीक दारं, खाली निमुळती वाट.

धाकटी चहा घेऊन आली. गाठींपायी तिची पिशवी काढून वर्ष होत आलं होतं. मूल झालं नव्हतं, ती आस मात्र कुणाला कापून काढता आली नव्हती.

"अस्तर एवढंसंच?"

"वर्गात पातळच दाखवतात."

"कंजूस कुठली! पाहुणा येणार असल्यासारखं घाल की जाड."

थोरलीला नाही म्हणवलं नाही. लाल मेणाचा मऊ थर तिनं अंगठ्यानं दाबून बसवला.

काही आठवड्यांनी गर्भाशयाखाली ठेवलेल्या बशीत लाल पापुद्रे दिसले. उन्हानं सुटले असतील, म्हणून डागडुजीला तिनं दोन्ही अर्धी उघडली. आत नवा थर होता. तिच्या अंगठ्याचा ठसा त्यावर नव्हता.

पुढच्या महिन्यात पुन्हा पापुद्रे. तिनं बशी पुसून परत खाली ठेवली.

त्यानंतरच्या महिन्यात बशी कोरडी राहिली.

महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉक्टरबाई ते न्यायला आल्या. अर्धी उघडेनात. सांधाच सापडेना.

"मेणच ना? कापू या." बाईंनी सुरी टेकवली.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. धाकटी दारात आली, दोन्ही हात ओटीपोटावर.

"ताई, नको गं कापू देऊस."

स्वयंपाकघरातून तिला सुरी दिसण्यासारखी नव्हती.

थोरलीनं सुरी काढून घेतली. "दुसरं करून देते, बाई."

धाकटी खुर्चीत टेकली. "काही नाही गं. सकाळपासून नुसतं मळमळतंय."

ते गर्भाशय अजून फडताळात आहे. पुसायला उचललं की दर वेळी थोडं जड लागतं.

मंडळी, घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा धाकटीची आठवण ठेवा. दिवस भरत आलेत.