घाटावरचे अकरा सेकंद

गोष्ट भर दुपारची आहे. असल्या गोष्टी रात्रीच घडाव्यात असा काही सरकारी नियम नाही, आणि मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी दोन वाजता रस्त्यावर जेवढी सामसूम असते तेवढी रात्री दोनलाही नसते. तर अशा उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून संघपाल मेश्राम स्कूटरवरून इंदोऱ्याहून जरीपटक्याला निघाले. काम साधंच होतं. ताराचंदच्या दुकानी एक पार्सल आलं होतं, ते घ्यायचं होतं.

पार्सलमध्ये ‘घाटावरची सून’ या जुन्या सिनेमाच्या दोन ब्लू-रे डब्या होत्या. दोन कशाला, असं विचारणाऱ्याला या छंदातलं काही कळत नाही असं समजावं. एक पाहायची आणि एक सीलबंद ठेवायची. सीलबंद डबीचं प्लास्टिक जो फाडेल त्याच्याशी हे लोक बोलणं टाकतात. हे लोक म्हणजे तिघंच. एक संघपाल, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दुसरा ताराचंद, ज्याची व्हिडिओ लायब्ररी एकेकाळी साऱ्या जरीपटक्यात नावाजलेली होती आणि जो आता त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतो. आणि तिसरे मधुकरराव, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना स्वतःचं मत सांगून झाल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

‘घाटावरची सून’ चाळीस वर्षांपूर्वी कामठीला, कन्हान नदीच्या घाटावर चित्रित झाला होता. त्याची मूळ फिल्म कुठल्याशा गोदामात सडली. मधला चार मिनिटांचा एक प्रसंग तर जगात एकाच व्हिडिओ कॅसेटवर उरला होता. ती कॅसेट ताराचंदच्या लायब्ररीतली. लायब्ररी बंद झाली तेव्हा त्यानं ती संघपालना दिली. मुंबईच्या कंपनीनं नवी आवृत्ती काढायचं ठरवलं तेव्हा तीच कॅसेट आठ महिने नेऊन ठेवली होती; तीही याच पार्सलमधून परत आली होती.

“देखो भाऊ, छप गए आप!” ताराचंदनं डबी उलटी करून दाखवली. मागच्या बाजूला, अगदी तळाशी लिहिलं होतं : विशेष आभार – श्री. संघपाल मेश्राम, नागपूर.

संघपालनी ती ओळ तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. माणसाला इतका आनंद होऊ नये.

मग दुकानाचं शटर अर्धं ओढून तिघं मागच्या खोलीत ‘मुकाबल्या’ला बसले. हा शब्द ताराचंदचा. कोणत्याही सिनेमाची नवी आवृत्ती आली की दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडायचे, एकावर जुनी प्रत, एकावर नवी, आणि “एक, दो, तीन” म्हणून दोन्ही एकदमच सुरू करायच्या. संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. ज्याला जे खटकेल ते त्यानं वहीत लिहायचं, आणि शेवटी नवी प्रत पास की नापास ते ठरवायचं. कंपन्यांना या निकालाचं सोयरसुतक नसतं, पण हे तिघं हायकोर्टाच्या थाटात निकाल देत.

खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या आणि कूलर घरघरत होता. खोलीत ओल्या वाळ्याचा वास आणि अंधार. दोन पडदे उजळले.

नवी प्रत देखणी होती, नाही म्हणायची सोय नव्हती. नदीचं पाणी इतकं लख्ख की हात घालावा. मधुकरराव मान डोलावत होते. संघपालचं मात्र लक्ष नव्हतं. ते त्या चार मिनिटांच्या प्रसंगाची वाट पाहत होते, आणि त्यातही अकरा सेकंदांची.

ते अकरा सेकंद त्यांच्या आईचे होते.

अंजनाबाई चित्रीकरणाच्या वेळी घाटावर गेली होती ती दोन दिवसांच्या मजुरीवर. गर्दीसाठी बायका हव्या होत्या. नायिका रडत बसलेली, आणि तिच्या मागून एक बाई डोक्यावर भरली घागर घेऊन पायऱ्या चढत जाते, एवढंच तिचं काम. दिग्दर्शकानं बजावलं होतं, मागं वळून पाहायचं नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन चिंच आणि राखेनं घागर घासताना तिनं लेकाला विचारलं होतं, “बापू, मी दिसीन ना गा त्याच्यात?” सिनेमा लागायच्या आधीच ती काविळीनं गेली. तिचा एकही फोटो नव्हता. चेहरा तर सिनेमातही नव्हता. पाठ होती, पायऱ्यांवर उमटणारी ओली पावलं होती, आणि घागरीतून सांडणारं पाणी.

ही गोष्ट संघपालनी ताराचंद-मधुकररावांना वीस वर्षांत कधी सांगितली नव्हती. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सिनेमातल्या प्रकाशयोजनेवर तासभर बोलणाऱ्या माणसानं ‘ती मागची पाणीवाली माझी माय’ असं म्हणावं, हे जिभेवर यायचं आणि परत जायचं. मधुकरराव हसतील असं वाटायचं.

प्रसंग आला. डाव्या पडद्यावर, कॅसेटच्या भुरकट चित्रात, माय आली. पायरी, पायरी, पायरी. उजव्या पडद्यावर नायिका रडत होती. तिच्या मागे घाट होता, पायऱ्या होत्या, आणि कोणीही नव्हतं.

कोणीही नव्हतं, पण पायऱ्यांवर ओली पावलं उमटत होती. एकामागून एक, वर वर, कोरड्या दगडावर, आपोआप.

“थांबव!” संघपाल ओरडले. मुकाबल्यात बोलायचं नसतं, हा नियम त्यांनीच केलेला.

ताराचंदनं दोन्ही प्रती थांबवल्या, मागं घेतल्या, पुन्हा लावल्या. उजवीकडे पुन्हा तेच. रिकामा घाट आणि पावलं.

मधुकररावांनी घसा साफ केला. “हे होतं कधी कधी. जुन्या चित्रावरचे डाग, ओरखडे मशीन आपोआप पुसतं. जे येतं आणि जातं, ते त्याला घाण वाटतं. बाई कडेला होती, अंधुक होती... मशीननं तिला मळ समजून पुसली असावी. बाकी प्रिंट मात्र अप्रतिम आहे हो!”

“मळ?” संघपाल उठले. “मळ म्हणता तुम्ही? ज्या लोकाइले पिढ्यान् पिढ्या घाटाच्या पाण्याले हात लावू देल्ला नाही, त्याइच्यातली एक बाई भरली घागर डोक्यावर घेऊन ताठ मानेनं चालून राहिली, अन् यायचं मशीन म्हणते मळ! कोणं शिकवलं हे त्या मशीनले? अन् तुम्ही म्हणता अप्रतिम?”

“अहो, पण कोण होती ती? गर्दीतली एक बाई. एवढं काय...”

संघपालनी तडक कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. पलीकडे एक शांत आवाजाची मुलगी होती. तिनं सगळी शिवीगाळ ऐकून घेतली, कॉम्प्युटरवर काही पाहिलं आणि म्हणाली, “सर, तुम्ही भरून पाठवलेला फॉर्म समोर आहे. त्यात एक रकाना होता, ‘दृश्यात ओळखीची कोणी व्यक्ती असल्यास नाव लिहा.’ ज्यांची नोंद असते त्यांच्याभोवती आम्ही खूण करतो, मग मशीन त्यांना हात लावत नाही. तुम्ही तो रकाना रिकामा सोडलाय. आभारातलं नाव कसं छापायचं, ते मात्र तुम्ही दोन वेळा कळवलंय.”

कूलर घरघरत राहिला.

“सर... त्या बाई तुमच्या ओळखीच्या होत्या का? तसं असेल तर मी आत्ता नोंद करते.”

ताराचंद संघपालकडे पाहत होता. मधुकरराव पाहत होते. एक शब्द बोलायचा होता. इतका वेळ घाटाच्या पाण्यावरून गरजणारा माणूस, आणि त्याला तो एक शब्द जड झाला.

“नाही,” संघपाल म्हणाले. “ओळखीची नाही. होती कोणीतरी.”

फोन ठेवला. खोलीत वाळ्याचा वास येईना. त्याच्या जागी दुसराच वास होता... चिंचेचा, राखेचा, घासलेल्या पितळेचा.

“ताराचंद,” ते हळूच म्हणाले, “कॅसेट लाव पुन्हा.”

कॅसेट लागली. नायिका रडत होती. मागे घाट होता. पायऱ्यांवर ओली पावलं उमटत होती, वर, वर, आणि घागर नव्हती, पाठ नव्हती, कोणी नव्हतं.

“गेली,” संघपाल म्हणाले. “कॅसेटीतूनबी गेली... तुम्हाले दिसून राहिली का? आता होती! आताच होती ना?”

ताराचंदनं मधुकररावांकडे पाहिलं. मधुकररावांनी वही मिटली. शेवटी ताराचंद म्हणाला, “धूप बहुत है भाऊ. घरी जा. झोपा जराशे.”

संघपाल सीलबंद डबी घेऊन घरी आले. दिवेलागणीला धाकटी बहीण नंदिनी कामठीहून ऑटोनं येऊन दारात उभी राहिली. ताराचंदनं तिला फोन केला होता.

“तुले म्हटलं होतं, कॅसेट देऊ नको कोणाले,” ती चप्पल काढता काढताच म्हणाली. “काहून देल्ली?”

“नाव छापतो म्हणाले.”

“कोणाचं?”

संघपालनी हातातली डबी टेबलावर पालथी ठेवली.

“ताराचंदभाऊ भेले आहेत, दादा. ते म्हणे, कॅसेटीत ती घागरवाली बाई चांगली चालून राहिली होती. त्यायले दिसली, मास्तरले दिसली. तूच म्हणे ‘गेली, गेली’ करून राहिला.”

संघपाल सोफ्यावर बसले. नंदिनी पाण्याचा गिलास घेऊन शेजारी टेकली. तिनं टेबलावरची डबी उचलली, आणि काही कळायच्या आत दातानं तिचं प्लास्टिक फाडलं. वीस वर्षांत या घरात कोणी सीलबंद डबी फाडली नव्हती. संघपालनी अडवलं नाही.

“लाव,” ती म्हणाली. “माह्यासमोर लाव.”

त्यांनी चकती लावली आणि त्या प्रसंगापाशी आणली. तोच लख्ख घाट. तेच लख्ख पाणी. रिकाम्या पायऱ्या. पावलं वर जाऊ लागली.

नंदिनीच्या हातातला गिलास कलला.

“माय...” ती म्हणाली. “दादा, माय वं...”

“कुठं?”

“काहून असं करतं? ती काय समोर. अशी साफ... लुगड्याचा काठ दिसून राहिला.” तिचा आवाज बारीक झाला. “दादा, ती थांबली. सिनेमात थांबते का ती?”

नव्हती थांबत. अकरा सेकंदांत ती पायऱ्या चढून निघून जायची, हजारदा पाहिलं होतं. पडद्यावर पावलं मधल्या पायरीशी थांबली होती. नायिकेचं रडणंही बंद झालं होतं, आणि कोणी काही थांबवलेलं नव्हतं.

“वळली,” नंदिनी कुजबुजली. “मागं वळली... इकडं पाहून राहिली. दादा, तुह्याकडं.”

इतकी वर्षं ज्या चेहऱ्यासाठी त्यांनी ती कॅसेट झिजवली, तो चेहरा समोर होता, आणि संघपालना दगड दिसत होते. नुसते ओले दगड. ते पडद्याजवळ गेले, चष्मा काढला, पुन्हा लावला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“कशी दिसते? सांग ना वं... रागात आहे का?”

“नाही. ओठ हलून राहिले तिचे. काहीतरी विचारते.” नंदिनी स्वतःचे ओठ तसेच हलवून पाहू लागली, आणि मग एकेक शब्द लावत म्हणाली, “दिसून... राहिली... का... मी... बापू?”

संघपाल मागं सरकत सोफ्यावर येऊन बसले. खरं सांगायचं तर ‘नाही’ म्हणायचं होतं. पण दुपारी एकदा ‘नाही’ म्हणून झालं होतं, आणि आता पुन्हा तो शब्द तोंडातून काढायची त्यांची हिंमत नव्हती.

“हो, माय,” ते रिकाम्या घाटाकडे पाहत म्हणाले. “दिसून राहिली. माही माय आहे तू. साऱ्याइले सांगीन... दिसून राहिली.”

पडद्यावरची पावलं उतरू लागली. एक पायरी, दुसरी पायरी. ती खाली येत होती, मोठी होत होती, आणि त्यांच्या बोटांचे ठसेही आता वेगवेगळे दिसत होते. शेवटचं पाऊल पडद्याच्या खालच्या कडेला उमटलं, आणि त्याच्यापुढे पडदाच नव्हता. घाट क्षणात कोरडा पडला.

खोलीत चिंचेचा आणि राखेचा वास दाटून आला. फरशीवर, कुठंतरी अगदी जवळ, भरलेलं पितळी भांडं जपून टेकवल्याचा आवाज झाला.

नंदिनी आता टीव्हीकडे पाहत नव्हती. तिनं डोक्यावर पदर घेतला, डोळे पुसले, आणि सोफ्यावर थोडी सरकून दोघांच्या मधे जागा केली.