तिसरा डाव

"येऊ का आत?"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलीचा आवाज. जरा धाप लागलेला, जिना पळत चढून आल्यासारखा.

अजून कानात आहे.

मी सांगतेय ते ऐकीव नाही. मी तिथं होते. माझ्याबरोबर शिकणारे हौसेरावही होते. एपीएमसी मार्केटात त्यांचा कांद्याचा गाळा आहे, हवं तर जाऊन विचारा. चारचौघांत ते हसून उडवतील. एकटे असताना विचारा.

जागा कोपरखैरण्याची. बोनकोडे गावाच्या अलीकडं आमची सोसायटी आहे, तिथला पहिल्या मजल्यावरचा हॉल. वेळ रात्रीची नव्हे... तिन्हीसांजेची. गावातल्या देवळात घंटा होते, खिडक्यांत एकेक दिवा लागतो, आणि उजेड घरातलाही नाही नि बाहेरचाही नाही असा उंबऱ्यावर घुटमळत राहतो. ती वेळ.

नंदकिशोर सर तिथं जपानी तलवारबाजी शिकवायचे. उमेदीची वर्षं त्यांनी जपानच्या कारखान्यात काढली होती, तिथंच शिकले. लाकडी तलवारी, अनवाणी पाय, बोलणं कमी. मी ऐरोलीच्या ऑफिसातून सुटले की थेट तिथं जायची.

सरांचे नियम कडक होते.

दारात थांबायचं. वाकायचं. "येऊ का आत?" विचारायचं. सर "ये" म्हणाले तरच उंबरा ओलांडायचा.

दुसरा नियम आखूड तलवारीचा. समोरच्याकडं लांब तलवार, तुमच्या हातात जेमतेम हातभर लाकूड. लांब राहिलात तर मेलात. जगायचं असेल तर त्याचा वार चुकवून आत शिरायचं, त्याचा श्वास गालाला लागेल इतकं आत.

लांब तलवार कायम गुरूकडं. आणि हरायचंही गुरूनंच. शिष्याचं टोक छातीला टेकलं की गुरूनं म्हणायचं, "हरलो."

तो शब्द येईपर्यंत शिष्यानं हलायचं नाही. तलवार मागं घ्यायची नाही. कितीही वेळ लागो.

"एवढा मोठा माणूस रोज हरतोय," हौसेराव म्हणायचे, "आन् आमची मंडळी एकदा हरंना. ताई, आखूड हत्याराची खरी मास्तरीण आमच्या घरात हाय."

"काय चालवतात वहिनी?"

"लाटणं!"

सरही हसायचे. पण एक गोष्ट होती. आखूड तलवारीचे डाव तीन. सरांनी शिकवले दोनच. तिसऱ्याचं नाव काढलं की म्हणायचे, "अजून वेळ आहे."

भिंतीवरच्या फळीवर एक आखूड तलवार निराळी ठेवलेली असायची. मुठीचा रंग हाताच्या घामानं काळवंडलेला. तिला कुणी हात लावायचा नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघंच आलो होतो. सरांनी माझ्यावर तलवार उगारली, आणि...

"येऊ का आत?"

मी वळून पाहिलं. दार उघडं. दारात कुणी नाही.

सरांची तलवार वरच राहिली. ते "ये" म्हणाले नाहीत. दाराकडं बघितलंही नाही.

"पुढं," एवढंच म्हणाले.

निघताना मी दारात आले. बाहेरची फरशी नुकतीच पुसली होती. सगळीकडं ओल चकाकत होती.

उंबऱ्याच्या बाहेर तेवढी... दोन पावलं कोरडी होती.

बोटं आतल्या बाजूला.

खाली टपरीवर हौसेरावांनी माझ्या हातात चहा दिला. स्वतःचा गार होऊ दिला.

"जाई," ते म्हणाले. "सरांची पोरगी. तुमच्या आधी शिकायची."

"मग?"

"मी व्हतो त्या दिवशी. तिसरा डाव चालला व्हता. काय शिरली ताई आत! सरांच्या डोळ्याचं पातं लवायच्या आत टोक छातीला. आम्ही बघतच राहिलो. आन् सर..." त्यांनी मान हलवली. "सर बोललंच न्हाईत."

"हरलो म्हणाले नाहीत?"

"म्हनले, चुकलीस. परत कर. तिनं परत केलं, पहिल्याहून भारी. परत म्हनले, चुकलीस. पोरगी तशीच उभी, टोक टेकवून. डोळ्यातून पानी. शेवटी सरांनीच ढकललं तिला. म्हनले, हो बाहेर, मी ये म्हनल्याशिवाय या दारात पाऊल टाकायचं न्हाई."

"आणि?"

"गेली स्कूटर घिऊन. पाम बीच रोडला ट्रकनं..."

त्यांनी गार चहा टपरीच्या कडेला ओतून टाकला.

त्यानंतर तो आवाज येत राहिला. रोज नाही. एखाद्या तिन्हीसांजेला, घंटा थांबली की. सर दर वेळी गप्प. दर वेळी थोडे म्हातारे.

घरी मेथी निवडता निवडता मी आईला सगळं सांगितलं. आमचं मूळ साताऱ्याकडचं. आई निवडायची थांबली आणि अगदी हळू गुणगुणली:

"बाप बोलंना बोलंना, लेक थांबली दाराशी,
एका शब्दाची भाकर, किती ठेवावी उपाशी."

मग म्हणाली, "ती भिववायला नाही गं येत. अडकलीय. त्यांना सांगा कुणीतरी."

कोण सांगणार सरांना?

सोसायटीला हॉल जिमसाठी हवा होता. सर पुण्याला मुलाकडं जायला निघाले होते. वर्ग बंद. मला वर्गाचं दुःख होतंच. पण रात्री पडल्या पडल्या एकच विचार यायचा... हे दार गेलं, तर ती कुठल्या दारात उभी राहणार?

शेवटच्या संध्याकाळी सर हॉलच्या टोकाला, दाराकडं तोंड करून उभे राहिले.

"प्रियदर्शिनी, आज तिसरा."

हौसेरावांचा पाण्याची बाटली धरलेला हात तोंडाजवळच थांबला.

"सर, मला येत नाही तिसरा."

"नुसती उभी राहा."

मी सरांच्या समोर उभी राहिले. दार माझ्या पाठीशी. गावातली घंटा झाली. थांबली.

माझ्या मागून...

"येऊ का आत?"

मी वळले नाही. वळताच आलं नाही. कोपऱ्यात हौसेराव "ज्योतिबा, ज्योतिबा" पुटपुटत होते.

सरांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. पुन्हा हलले.

"ये."

माझ्या डाव्या अंगाला गार लागलं. वारा नव्हता तो. अरुंद बोळातून कुणी घाईनं घासून पुढं जावं, तसं.

सरांनी तलवार उगारली. वार केला.

मी हलले नव्हते. त्यांच्यापासून चांगली लांब होते.

टक्...

लाकडावर लाकूड. सरांची तलवार हवेतच अडली. भिंतीवरच्या फळीकडं बघायचं मला धाडस झालं नाही.

मग सरांची बाही कोपराजवळ चुरगळली. आतून नाही, बाहेरून. कुणीतरी लहान मुठीत घट्ट धरावी तशी. आणि छातीवर, सदऱ्याला... एक खळगा पडला. टोकाएवढा.

तो तसाच राहिला. हलेना.

आता तिथं ट्रेडमिल धावतात. सर पुण्याला आहेत. फोनवर हवापाण्याचं बोलतात. हौसेरावांनी तलवार सोडली. लोक मला विचारतात, आवाज थांबला का? मला ठाऊक नाही, मी त्या जिन्यानं जात नाही. पण माझ्या घराच्या दारात कुणी "येऊ का आत?" म्हटलं, तर चेहरा दिसेपर्यंत मी उत्तर देत नाही.

कारण ती आत आलेली मला कळली होती. बाहेर जाताना... नाही.

त्या संध्याकाळी सरांची नजर माझ्यावर नव्हतीच. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, त्यांच्या अगदी जवळ कुठंतरी होती. लांब तलवार त्यांच्या हातातून गळून पडली. हात वर आला, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा, आणि हवेतच थांबला.

"तेव्हाच लागला होता गं वार," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."

खळगा तसाच.

"जाई... हरलो."