कुलूपबंद पियानो

"माझं कुणाशी वाकडं नाही हो," बाई म्हणाल्या. "म्हणजे, कालपर्यंत तरी असं वाटत होतं."

वहिनींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाईंनी तो तसाच ठेवला, पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला आणि कोमट पाण्याचे दोन घोट घेतले.

वहिनी खाजगी तपासाचं काम करत. नवरा होता तोवर दोघं मिळून विमा कंपन्यांसाठी बनावट चोऱ्या आणि लावलेल्या आगी हुडकायचे. तो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भाऊजी, ऑफिसात येऊन बसू लागला. गाडी चालवणं, बिलं करणं आणि वहिनींना चुकीचे तर्क पुरवणं ही भाऊजींची कामं. तिसऱ्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बाई गाणं शिकवत. संगीत शिक्षक संघाने त्यांना नवीन अध्यक्ष निवडलं होतं आणि आज संध्याकाळी त्या सूत्रं हाती घेणार होत्या. संघाचा रिवाज असा, की नव्या अध्यक्षांनी संघगीताचं पहिलं कडवं पियानोच्या साथीवर एकट्याने म्हणायचं. मग बाकीच्यांनी ते उचलायचं.

"आणि आज सकाळी पाहते तर पियानोला कुलूप, किल्ली गायब," बाई म्हणाल्या. "इलेक्ट्रिक कीबोर्ड काढला, तर त्याची वायर नाही. कपाटातला ट्यूनिंग फोर्कसुद्धा गेलाय."

"तो काय असतो?" भाऊजींनी विचारलं.

"लोखंडी चिमट्यासारखा असतो. आपटला की एकच ठरलेला सूर देतो. विकायला गेलात तर चहाचे पैसे सुटणार नाहीत."

"माइक आहे?" वहिनींनी विचारलं.

"आहे की. स्पीकरही आहेत. उचलून नेण्याजोगं सगळ्यात महाग तेच, पण त्यांना हात लावलेला नाही." बाईंचा आवाज मुळातच हळू होता, तो आणखी खाली गेला. "मी कुणाला तरी नकोय. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर मी पद घेणार नाही. कशाला कुणाच्या डोक्यावर बसू?"

भाऊजींना वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "कसं आहे ते गीत?"

बाई गुणगुणू लागल्या. भाऊजींना सुरातलं ओ की ठो कळत नसे, तरी ते खुर्चीत सरसावून बसले. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीला चाल वर चढू लागली, तशी बाईंनी हाताने वरची दिशा दाखवली. "पुढे असंच," म्हणून त्यांनी थर्मासचं झाकण लावलं.

*

संघाच्या इमारतीत वर सभागृह होतं आणि खाली ओळीने शिकवण्याच्या खोल्या. बाई आपल्या खोलीत जाऊन बसल्या. वहिनी आणि भाऊजी वर गेले.

मावळत्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. ते व्यासपीठावरच्या खुर्चीची उशी सारखी करत होते.

"मला खुर्ची सोडवत नाही म्हणून मीच किल्ली लपवली, अशी खाली कुजबुज आहे," ते म्हणाले. "अहो, या खुर्चीने माझी कंबर मोडली! खरं सांगू? पियानोवाल्याकडे बघा. निवडणुकीत बाईंसमोर तोच उभा होता, आणि पडला बिचारा."

"किल्ली कुठे असते?"

"त्या खिळ्याला. येता-जाता कुणीही उचलावी."

संघाच्या कार्यवाह व्हायोलिनताई खुर्च्या मांडत होत्या. व्हायोलिनची पेटी खांद्याला तशीच लटकलेली होती.

"ही मी कुठेही सोडत नाही, झोपतानासुद्धा उशाशी असते," त्या म्हणाल्या. "मी तर लगेच तोड काढली होती. म्हटलं, पियानो नाही तर नाही, सुरुवातीचा सूर मी व्हायोलिनवर देते. तर पियानोसर अस्से खेकसले माझ्यावर! म्हणे, व्हायोलिनच्या सुरावर समूहगान उचलत नाही. जन्म गेला माझा समूहगान उचलण्यात!"

"सर एरवीही खेकसतात का?"

ताई खुर्ची हातात धरून थांबल्या. "नाही हो. तो माणूस मांजरालासुद्धा 'जरा सरकता का' म्हणतो."

पियानोसरांची खोली बाईंच्या खोलीला लागूनच होती. उंच, किडकिडीत गृहस्थ, शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली.

"हो, मी पडलो," ते म्हणाले. "माझं स्वतःचं मतही बाईंनाच होतं. उभं राहा म्हणून लोकांनी गळ घातली, मला नाही म्हणता आलं नाही."

भाऊजींनी वहिनींकडे पाहून भुवई उडवली.

"मग संध्याकाळी काय करणार?" वहिनींनी विचारलं.

"साथीशिवाय म्हणायचं. सूर बाईंनी लावायचा. बाईंनीच, दुसऱ्या कुणी नाही. मी सगळ्यांना तसं सांगून..."

भिंतीपलीकडे कुणीतरी खाकरलं. मग थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला, अगदी शेजारच्या खुर्चीतून यावा तसा. पियानोसर वाक्य अर्धवट टाकून ऐकत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती.

बाहेर येताच भाऊजी म्हणाले, "झालं! हरलेल्या माणसाचा जळफळाट. चोर हाच."

"हाच," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी जागच्या जागी थांबले. त्यांचा तर्क बरोबर येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"पण जळफळाट नाही," वहिनी म्हणाल्या. "सरांना घेऊन बाईंच्या खोलीत या. बाकी कुणाला नको."

*

दार लावून घेतल्यावर वहिनी बाईंसमोर बसल्या.

"कार्यक्रम उधळायचा असता, तर चोराने माइक नेला असता, पियानोच्या तारा कापल्या असत्या. इथे एका ओरखड्याचं नुकसान नाही. पियानो, कीबोर्ड, ट्यूनिंग फोर्क. भाऊजी, या तिघांत सारखं काय?"

"तिन्ही वाजतात," भाऊजी म्हणाले.

"तिन्ही ठरलेला सूर देतात. गाणं नेमक्या कोणत्या उंचीवरून सुरू करायचं, म्हणजे गाण्याची पट्टी, ती या तिघांवरून कळते. चौथं होतं व्हायोलिन. ते ताईंच्या खांद्यावरून काढता येईना, म्हणून मांजराशी अदबीने बोलणारा माणूस ताईंवर खेकसला. पट्टी फक्त बाईंनी ठरवावी, एवढंच त्याला हवं होतं."

पियानोसरांनी मान खाली घातली.

"पण का?" भाऊजींनी विचारलं.

"बाईंनी तुम्हाला गीत म्हणून दाखवलं, तेव्हा वरची ओळ कशाने म्हटली?"

भाऊजींना तो वर गेलेला हात आठवला.

बाईंनी हातातला थर्मास बाजूला ठेवला. मग बाईच म्हणाल्या, "सुट्टीत घशातली गाठ काढली. सगळ्यांना सांगितलं, बहिणीकडे चाललेय. तेव्हापासून वर आवाज जात नाही."

"मग सरांनी खालच्या पट्टीत वाजवायचं की!" भाऊजी म्हणाले. "एवढा उपद्व्याप कशाला?"

"सगळा हॉल संगीत शिक्षकांचा," पियानोसर हळूच म्हणाले. "पियानोचा पहिलाच सूर खाली लागला असता, तर सगळ्यांच्या माना वळल्या असत्या. साथ नसली की गाणारा जिथे सूर लावेल तिथे. थोडा खाली लागला तर कुणी विचारत नाही."

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"भिंत पातळ आहे. सुट्टीनंतर वरचे सूर तुम्ही मुलींना गाऊन दाखवायच्या थांबलात."

"मला विचारायचं होतं."

"तुम्ही लपवत होतात. मी कोण उघडं करणारा?"

"लोक तुम्हाला चोर म्हणाले असते!"

"निवडणुकीत पडलेल्या माणसाला लोक तसंही काहीतरी म्हणतातच."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी आवाज आणखी मऊ केला. "रागावू नका बाई, पण तुम्ही आमच्याकडे चोर शोधायला आला नव्हतात. नकार द्यायला कारण शोधत होतात. कुणालातरी मी नकोय म्हणणं सोपं होतं."

"एक ओळ चढत नाही मला," बाई म्हणाल्या. "गाणं शिकवणाऱ्यांची अध्यक्ष कोणत्या तोंडाने होऊ?"

पियानोसरांनी खिशातून किल्ली, वायर आणि ट्यूनिंग फोर्क काढून टेबलावर ठेवले. "ही घ्या. आता तुम्ही सांगाल तसं."

*

संध्याकाळी हॉल भरला. बाई उभ्या राहिल्या.

"किल्ली सापडली," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठीच कुणी जपून ठेवली होती. आता दुसरं. माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली आहे. आपल्या गीतातली तिसरी ओळ मला झेपत नाही. म्हणून अध्यक्ष म्हणून पहिला निर्णय घेते. आजपासून गीताची पट्टी उतरवायची. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

मागच्या रांगेत भाऊजी कोण उठतंय ते मान उंचावून पाहू लागले.

"हरकत?" आबा उठत म्हणाले. "अहो, कित्येक वर्षं मी त्या ओळीला नुसते ओठ हलवतोय!"

"मीसुद्धा," व्हायोलिनताई म्हणाल्या. "नाहीतर त्याच ओळीला मी व्हायोलिन हनुवटीखाली कशाला धरते?"

हशा पिकला. कुणी म्हणालं, "मला वाटायचं, मी एकटाच." दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "अहो, इकडेही तेच!" बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

पियानोसरांनी नव्या पट्टीत सुरुवात केली. बाईंनी सूर लावला. दोन ओळी झाल्या, तिसरी आली. चाल चढू लागली आणि बाईंचा आवाज तिच्याबरोबर चढला. किंचित घोगरा होता, पण कुठेही तुटला नाही.

पियानोसरांचे हात पियानोवरून उचलले गेले. साथ थांबली. बाई एकट्याच गात राहिल्या.

"अहो, ते वाजवायचे थांबले की!" भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "विसरले वाटतं."

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "ऐकतायत."